शेजारची सीट

माझा नवरा बरीच वर्षं हौशी कार रेसिंग करायचा. आठवडाभर ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंगं तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी हेल्मेट चढवून ट्रॅकवर उतरायचं, असा त्याचा दुहेरी संसार होता. शर्यतीत तो साधारण मधल्या घोळक्यात यायचा. शेवटचा कधीच आलो नाही, हे तो कुणी न विचारताही सांगतो. मी मात्र दर वेळी शेवटपर्यंत असायचे, कुंपणाच्या जाळीमागे, गळ्यात स्टॉपवॉच आणि हातात पोळीभाजीचा डबा घेऊन. त्या गाड्यांना एकच सीट असते, त्यामुळे माझी जागा तीच.

आमचा एक नेम होता. गाडीत बसण्याआधी मी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची आणि त्याने "येतो" म्हणायचं. हेल्मेट घातल्यावर आठवण झाली, तर काच वर करून म्हणायला लावायचे. इंजिनिअर माणूस, या सगळ्याला हसायचा. पण जाळीकडे बघून "येतो" म्हटल्याशिवाय त्याने एकदाही गाडी सुरू केली नाही.

मग त्याची मान धरली. मणक्याचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, शर्यत बंद, मान सांभाळून वळवायची. त्यानंतरचे काही महिने घरात सुतक असल्यासारखे गेले. एवढ्या वेगाने पळणारा माणूस रोज शारजा ते दुबई ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकायचा आणि घरी येऊन बाल्कनीतून अल मजाजच्या खाडीकडे बघत बसायचा. एका संध्याकाळी चहा पिताना एकदम म्हणाला, किट कार बनवू या. इंग्लंडहून खोक्यांतून सुटे भाग येतात, आपण ते जोडायचे. मला त्यातून एवढंच कळलं, की जे काम कारखान्याने करायचं, ते आपण वर पैसे भरून स्वतः करायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते काही उगीच नाही. मी एकच प्रश्न विचारला, सीट किती?

"दोन," तो म्हणाला. "एक तुझी."

मी त्याच क्षणी मनाशी खूणगाठ बांधली, ती सीट माझी.

शारजाला लागूनच असलेल्या अजमानच्या इंडस्ट्रियल भागात आम्ही अर्धी शेड भाड्याने घेतली. उरलेल्या अर्ध्यात रत्नागिरीकडचे एक भाई अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचे. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन मीही जायचे. उन्हाळ्यात नटबोल्ट आवळायचे पाने तापून हातात धरवत नसत, तरी नवरा गाणी गुणगुणत काम करायचा. बऱ्याच महिन्यांनी त्याला असं गुणगुणताना ऐकून मला बरं वाटत होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. लगेच आणखी एक खोकं मागवलं असतं.

पण रेसिंगवाल्यांना वजनाचा एक रोग असतो, तो काही शर्यतीबरोबर सुटला नव्हता. आधी माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा गायब झाला. त्यावर म्हणे नटबोल्ट तोलायचे होते, आणि इकडे मी रव्याचे लाडू अंदाजाने वळत होते. मग गाडीतलं कार्पेट रद्द झालं. मग रेडिओ, मग सामानाचा कप्पा. एकेक वस्तू वजनाच्या नावाखाली बाद होऊ लागली, की मी कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या माझ्या सीटकडे बघायचे. त्या गाडीत बसणार असलेलं सगळ्यात जड सामान मीच होते. हे त्याच्या लक्षात कधी येतंय, याचीच मला धास्ती.

शेवटी एकदाची सीट बसवली. आमची मुलगी कॉलेजातून मुद्दाम बघायला आली. मी नवे बूट घालून, ओढणी खोचून, दार नसलेल्या त्या गाडीत पाय टाकून उतरले आणि तिथंच अडकले. पाय जिथं ठेवायचे तिथं बॅटरी होती आणि बॅटरीशेजारी आग विझवायचं नळकांडं. रेसच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी कुणी बसतच नाही, म्हणून सामान तिथं ठेवायची सवय. नवऱ्याने सवयीने तेच केलं होतं, तेही छान पट्ट्याबिट्ट्या लावून. काही इलाज नव्हता, मी सीटवर मांडी घालून बसले, पंगतीला बसतात तशी.

मुलीने दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं. "बाबा, व्हेअर डज आई पुट हर फीट?"

नवऱ्याने बॅटरीकडे पाहिलं, मग माझ्या मांडीकडे. भाई एकदम मापं घ्यायला आपल्या खिडक्यांकडे वळले. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

"जाळीमागे उभी असायचे," मी म्हणाले, "तेव्हा निदान पाय ठेवायला जागा होती."

डबा भाईंच्या हातात दिला आणि निघाले.

पुढच्या सुट्टीला मी गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तो कॅफेटेरियातले पराठे खाऊन परत यायचा, वायरिंग चाललंय एवढंच सांगायचा. मीही कमी नाही, वायरिंगबद्दल चकार शब्द विचारला नाही. मग एक दिवस भाईंचा फोन आला. "वहिनी, जरा येऊन जावा. साहेबांनी अर्धी गाडी परत खोललान."

गेले. बॅटरी सीटच्या मागे गेली होती आणि तिच्यासाठी सगळ्या वायरी नव्याने ओढल्या होत्या. नळकांडं त्याच्या स्वतःच्या पायांत आलं होतं. माझ्या बाजूला खिडकीच्या उरलेल्या अॅल्युमिनियमचा पाय टेकायचा पत्रा. सीटवर कचऱ्याची एक मोठी पिशवी पसरलेली होती. तिच्यात दोन द्रव मिसळून ओतायचे आणि वर माणसाने बसायचं, की फोम फुगून त्या माणसाच्या पाठीचा साचा तयार होतो. रेसिंगच्या दिवसांत त्याने अशी सीट स्वतःसाठी कितीदा बनवली होती. आता द्रव ओतून मला म्हणाला, बस, हलू नकोस. मी बसले. पाठीखाली ते आंबोळीच्या पिठासारखं वर येऊ लागलं, चांगलंच गरम. तो माझे खांदे धरून उभा होता.

"वजन किती वाढलं?" मी विचारलं.

"मोजलं नाही," तो म्हणाला. माझा वजनकाटा त्याच दिवशी घरी परत आला, ग्रीसचे डाग घेऊन.

रस्त्यावरची नंबरप्लेट अजून इन्शाल्लावर आहे. पण ट्रॅकवर कधीकधी संध्याकाळी कुणालाही आपली गाडी फिरवता येते आणि हेल्मेट घातलं तर शेजारी बसायला परवानगी असते. तशाच एका संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या जाळीच्या आत गेले. दही-साखर डब्यातून नेली होती, आधी त्याच्या हातावर ठेवली, मग माझ्या. पट्टे आवळले. पाय पत्र्यावर नीट टेकले. पुढच्या माणसाने हिरवा झेंडा हलवला.

नवऱ्याने हेल्मेटची काच वर केली, कुंपणाच्या जाळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "येतो."

"अहो," मी म्हणाले, "मी इथं आहे."

डॉक्टरांनी मनाई केली होती तेवढी मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. झेंडेवाला यल्ला, यल्ला म्हणत निघायची खूण करत राहिला, पण गाडी काही हलली नाही.