चतुःसीमा चालणाऱ्या वकीलबाई

वकीलबाई कागद नंतर वाचायच्या, आधी जमीन चालायच्या. पक्षकार कितीही घाईत असो, त्याची फाइल टेबलावर तशीच ठेवून त्या म्हणायच्या, "उद्या सकाळी जागेवर भेटू. पायात नीट काहीतरी घालून या." मग पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला रस्ता आहे की ओढा, उत्तरेला कुणाचं कुंपण, हे करारात लिहिलेल्या चतुःसीमेप्रमाणे एकेक बाजू चालून बघायचं आणि प्रत्येक बाजूच्या शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे. पन्नाशी उलटलेली बाई. अंगावर सुती साडी, खाली कॅनव्हासचे पांढरे बूट, डोक्यावर क्रिकेटवाल्यांसारखी टोपी. चाकणच्या बाजूला ढेकळं तुडवत फिरणारी अशी वकील मी दुसरी पाहिली नाही.

"कागद कुणीही करून आणतो," त्या म्हणायच्या. "शेजारी करून आणता येत नाहीत."

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्याच शहाणपणामुळे. मी परभणीकडचा. अठराव्या वर्षी भोसरीत एका वेल्डरच्या हाताखाली लागलो आणि चाळिशीला स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप उभं केलं. चौदा माणसं कामाला. भाव करण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण शेड भाड्याचं होतं, आणि मालकाने ती जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं. "प्लॅन मंजूर होईपर्यंत राहा, त्यानंतर एक दिवस नाही," असं त्याने बजावलं. तोवर स्वतःची जागा झाली नाही तर चौदा माणसं घरी बसणार होती आणि पंधरावा मी.

चाकणच्या पुढे एका गावात अण्णा म्हणून एक जण होता. त्याचे बिगरशेती केलेले दोन प्लॉट होते. एक रस्त्याला लागून, दुसरा त्याच्या पाठीमागे. मी रस्त्याचा धरला. चार महिने घासाघीस करून अण्णाला माझ्या भावावर आणला. मग साठेखत करायची वेळ आली, म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार, आणि त्याचं मुद्रांक शुल्क कोणी भरायचं यावर आमचं अडलं. रीतीने ते घेणाऱ्याने भरायचं. मी म्हटलं, एवढा भाव घेतोस तर निम्मं तू भर. तो म्हणाला, "न्हाई जमणार, शेठ. आमच्या गावात आसं कुनी भरलेलं न्हाई." शेवटी दोघांनीही न भरता करार नुसता नोटरीपुढे केला. सरकारी कचेरीत नोंदवलाच नाही. विसार म्हणून आगाऊ रक्कम दिली, अण्णाच्या संमतीने जागेवर माझं लोखंड नेऊन टाकलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की आज आपण जिंकलो.

आठ महिन्यांनी अण्णाने तोच प्लॉट दुसऱ्याला विकला. नोंदणी करून, पक्क्या खरेदीखताने.

वकीलबाईंचं ऑफिस संत तुकाराम नगरात एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. त्यांचे वडील कंपनीत फिटर. कंपनीच्या तिथल्या कॉलनीत त्या वाढल्या, शिकल्या आणि तिथेच पाटी लावली. खाली दुकानदार विचारायचा, "बाईंकडे का? मग बूट घालून आलात ना?" मी चपलेत गेलो होतो.

पहिल्याच भेटीत मी सवयीने फी कमी करायला सांगितली. बाई शांतपणे म्हणाल्या, "करते की. तारखांना येणंही तेवढंच कमी करते." मी सांगितलेली फी मोजून टेबलावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्हाला जमीन हवीय की अण्णा?"

"दोन्ही," मी म्हणालो. "जमीन घेईन आणि त्याला गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही."

"एक काहीतरी सांगा. त्याप्रमाणे दावा लिहावा लागतो."

मी जमीन म्हणालो, पण मनात अण्णाच होता. बाईंनी ते ओळखलं असणार. कारण खेडच्या कोर्टात पहिल्या तारखेला अण्णा पांढऱ्या गाडीतून उतरताना दिसला आणि मी बाह्या सरसावल्या, तेव्हा त्यांनी आपली कागदांची पिशवी माझ्या हातात दिली. "हे धरा जरा. दोन्ही हातांनी धरा, बंद तुटलाय." पिशवी दहा किलोंची असेल. मी असा माणूस आहे की हात हलवल्याशिवाय मला भांडता येत नाही. अण्णा माझ्यासमोरून "काय शेठ, बरं हाय का?" म्हणत गेला आणि मी हमालासारखा उभा. पुढे चार वर्षं प्रत्येक तारखेला ती पिशवी माझ्याकडेच असायची. बंद कधी शिवला गेला नाही, आणि मीही शिवून आणला नाही.

दावा कमजोर होता. बाईंनी ते माझ्यापासून लपवलं नाही. "तुमचा करार नोंदलेला नाही, दुसऱ्या घेणाऱ्याचं खरेदीखत नोंदलेलं आहे. तुमचा करार त्याला माहीत नव्हता असं ठरलं तर जागा त्याचीच राहील. शुल्क वाचवून तुम्ही फार महाग सौदा केलात." मला इतका राग आला की मी त्या दिवशी चहा घेतला नाही. राग खरं बोलल्याचा होता.

पण आधी आम्ही जागा चाललो होतो ना, ते इथे कामी आलं. पूर्वेला एका म्हाताऱ्या आजींचा गोठा होता. बाई तिथे बाजेवर बसून म्हशीच्या दुधापासून नातीच्या लग्नापर्यंत अर्धा तास बोलल्या. मी घड्याळ बघत होतो. उठता उठता बाईंनी सहज विचारलं, "आजी, त्या दुसऱ्या पाहुण्यांनी जागा बघितली तेव्हा हे लोखंड इथं होतं का हो?"

"व्हय तर! नवराबायको आले व्हते रविवारचे. मला इचारलं, आजी, ह्ये लोखंड कुनाचं? मी म्हनलं, भोसरीच्या शेठचं. त्येंनी घेतलीया ना जागा."

माझे डोळे मोठे झाले. बाई मात्र म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. समोरच्याला आधीच्या सौद्याची माहिती होती, हे सिद्ध होणार होतं. ज्याला माहिती असते त्याची बाजू कोर्टात लंगडी पडते.

तो समोरचा म्हणजे लातूरकडचा एक माणूस. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. बायकोचे दागिने मोडून आणि कर्ज काढून त्याने प्लॉट घेतला होता. घराचं जोतंही बांधलं होतं, तोवर आमच्या दाव्यावर कोर्टाची मनाई आली आणि काम थांबलं. मला त्याचं काही वाटायचं नाही. माझ्या जागेवर बसलेला माणूस, एवढंच मी धरून होतो. त्याला मी मनातल्या मनात चोर म्हणायचो, आणि एकदा मोठ्याने म्हणालो तेव्हा बाईंनी पिशवीत आणखी दोन फायली घातल्या.

त्याची उलटतपासणी झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. बाईंनी पाच-सहा किरकोळ प्रश्न विचारले आणि मग म्हणाल्या, "जागा पाहायला गेलात तेव्हा तिथलं लोखंड कुणाचं, हे तुम्ही कुणाला विचारलं होतं का?" त्याच्या वकिलाने मान वर केली. नाही म्हणणं सोपं होतं. आजींची साक्ष अजून व्हायची होती, आमच्या हातात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"विचारलं होतं की," तो म्हणाला. "आजीनं सांगितलं भोसरीच्या शेठचं हाय, त्येंनी जागा घेतलीय. मग मी अण्णाला विचारलं. ते म्हणले, आजीला काय कळतंय, शेठचं लोखंड भाड्यानं ठिवलंय. मला ते खरं वाटलं."

बाहेर व्हरांड्यात मी नाचायचा बाकी होतो. "मेला! बाई, मेला तो!"

"पिशवी धरा," बाई म्हणाल्या. मग खांबाला टेकून त्यांनी बुटाची लेस बांधली. "तो खोटं बोलू शकला असता, भाऊ. मी त्याला भरपूर जागा ठेवली होती." मग सरळ उभ्या राहत त्यांनी विचारलं, "तुमच्या शेडचा प्लॅन कधी मंजूर होतोय?"

"तीन-चार महिन्यांत."

"आपण बहुतेक जिंकू. मग तो अपील करेल. ते किती वर्षं चालेल, मला माहीत नाही. तुमची चौदा माणसं तोवर कुठे काम करणार? अण्णाकडे मागचा प्लॉट पडून आहे. या भांडणामुळे त्याला कुणी गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि आजची साक्ष ऐकून त्याचा चेहरा उतरलाय. तो मागचा तुम्ही घ्या. अण्णा भाव मागच्या प्लॉटचाच लावेल आणि तुमचा विसार त्यातच धरेल. पुढचा याला राहू द्या."

मी पिशवी तिथेच खाली ठेवली आणि निघून आलो. चार वर्षं लढायचं, जिंकायची वेळ आली की मागे जाऊन बसायचं? महिनाभर मी त्यांचा फोन घेतला नाही. पिंपळे सौदागरला काचेच्या ऑफिसातल्या एका वकिलाकडे गेलो. त्याने ए.सी. वाढवला, कॉफी मागवली आणि म्हणाला, "शंभर टक्के जिंकणार, साहेब. काळजीच करू नका." जागा कुठे आहे, हे त्याने मला शेवटपर्यंत विचारलं नाही. कॉफी चांगली होती. मी खाली उतरलो आणि गाडी सरळ संत तुकाराम नगरला घातली.

बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी मागच्या प्लॉटवर." त्यांनी समोरच्या वकिलांशी बोलून लातूरवाल्यालाही बोलावलं होतं. तिघं मिळून आम्ही मागच्या प्लॉटच्या चारही बाजू चाललो. एका कोपऱ्यावर हद्दीचा दगड सापडेना. तो आणि मी गुडघ्यावर बसून हाताने गवत उपसू लागलो. दगड त्याला सापडला. हात झटकत तो म्हणाला, "मामा, तुमचं लोखंड मी चार वर्षं कुणाला नेऊ दिलं नाही. भंगारवाले दोनदा आले होते."

मी गुडघे झटकत उठलो. "किती वाजताची शिफ्ट आहे?" एवढंच विचारलं, आणि त्याला कंपनीच्या गेटपर्यंत गाडीने सोडलं.

तडजोड कोर्टापुढे नोंदवली गेली. या वेळी मुद्रांक शुल्क मी न बोलता भरलं. अण्णा सही करताना म्हणाला, "शेठ, झालं गेलं इसरून जावा." मी विसरलेलो नाही. त्याच्या गाडीच्या मागे माझी गाडी आली की अजून हॉर्नवर हात जातो. पण प्लॅन मंजूर झाला त्या आठवड्यात माझं शेड उभं होतं, आणि चौदापैकी एकाचाही एक दिवस बुडाला नाही. आता तेवीस आहेत.

बाईंनी दोन वर्षांपूर्वी वकिली थांबवली. गुडघे गेले. "जमीन चालता येत नाही, मग कागद कशाला वाचू?" म्हणाल्या आणि मुलीकडे नाशिकला गेल्या. निरोपाला मी पेढे घेऊन गेलो होतो. पेढा अर्धा मोडून त्या म्हणाल्या, "आता पिशवी नाही हं. हात सांभाळा."

तक्रार मात्र माझी कायम आहे, आणि ती त्यांना मी फोनवर ऐकवत असतो. मागच्या प्लॉटला बोळातून जावं लागतं. माल घेऊन येणारा प्रत्येक ट्रेलर हमरस्त्यावरून रिव्हर्समध्ये आत घ्यावा लागतो. पाच मिनिटं वाहतूक तुंबते, मागचे शिव्या देतात, ड्रायव्हर मला देतो. परवा मी वैतागून त्याचा व्हिडिओ काढला आणि बाईंना पाठवला. खाली लिहिलं, "बघा, तुमच्या तडजोडीने काय करून ठेवलंय."

व्हिडिओत ट्रेलर मागे येतोय. रस्त्याच्या मधोमध लातूरवाला उभा आहे, पहिल्या शिफ्टहून आलेला, अंगात कंपनीचा शर्ट. एका हाताने त्याने दोन्हीकडच्या गाड्या रोखल्यात, दुसऱ्याने ड्रायव्हरला खुणावतोय, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या!" त्याची बायको जोत्यावर बांधलेल्या घराच्या ओट्यावरून ओरडतेय, "अहो, मामांच्या गेटाला लागंल, डावीकडं घ्या म्हणावं!"

तासाभराने नाशिकहून उत्तर आलं.

"तक्रार मिळाली. पण भाऊ, पुरावा तुमच्याच विरुद्ध जातोय."