वर की खाली

“मी नाही सांगणार. तूच ओळख.” एवढं म्हणून तो दोन्ही हात पाठीमागे बांधायचा आणि छताकडे बघत उभा राहायचा. समोर कॉम्प्युटरवर बसलेलं पोरगं घामाघूम झालेलं असायचं.

धुळ्याच्या चार नंबर गल्लीत माझा एसटीडी बूथ होता आणि वरच्या मजल्यावर त्याचा कॉम्प्युटर क्लास. नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंटरनेट म्हणजे काय हे गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच. पण बारावीचा निकाल आता त्यात दिसतो, एवढं सगळ्यांना कळलं होतं. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. पोरगेलासाच होता. शर्ट दोन मापं मोठा आणि स्वभाव इतका मऊ, की भाजीवालीशी घासाघीस करायलाही मला सोबत न्यायचा. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच.

आदल्या वर्षी त्याने निकाल तोंडाने वाचून सांगितले होते. एका मुलाला “नापास” म्हणाला, तर तो मुलगा संध्याकाळपर्यंत जिन्यातच बसून राहिला. मास्तरही त्याच्या शेजारी बसून. ते त्याने फार मनाला लावून घेतलं.

“नाना, वाईट बातमी दुसऱ्याच्या तोंडून नको,” तो मला म्हणाला. “माणसाने हळूहळू, आपल्या पायांनी तिच्यापर्यंत जावं.”

म्हणून त्याने एक खेळ रचला. मुलाने आपला बैठक क्रमांक टाकायचा. मास्तरचा प्रोग्रॅम निकालाच्या पानावर जायचा, तिथल्या पसाऱ्यातून शेवटचा आकडा, म्हणजे टक्के, तेवढे उचलून आणायचा आणि लपवून ठेवायचा. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रश्न यायचा, किती? मुलाने अंदाजाने आकडा टाकला की उत्तर यायचं, ‘वर’ किंवा ‘खाली’. असं करत करत खरा आकडा गाठायचा.

“मास्तर, रोगापेक्षा इलाज भयंकर आहे हा,” मी म्हणालो. तो हसला, पण ऐकलं नाही.

निकालाच्या दिवशी सकाळी खेळ झकास चालला. पोरं साठ टाकायची, ‘वर’ आलं की किंचाळायची. जिन्यात आया पेढ्यांचे पुडे धरून उभ्या होत्या.

दुपारी सोनगीरहून एक आबा आले, सोबत त्यांची मुलगी. माझ्याकडे पाणी प्यायले. मी सहज विचारलं, तर म्हणाले, “पास व्हयनी तं कॉलेजले धाडसू. नही तं लगीन करी टाकसू. पाव्हना तयार शेतस.” पाव्हना म्हणजे मुलाकडची मंडळी. मुलगी ओढणीचं टोक पिळत उभी होती. मीच त्यांना वर घेऊन गेलो.

तिने साठ टाकले. ‘खाली’. पन्नास. ‘खाली’. चाळीस टाकताना तिचं बोट दोनदा चुकलं. ‘खाली’. पस्तीसला ती बराच वेळ थांबली. मला वाटलं, आता तरी मास्तर पुढे होईल, पण तो छताकडेच बघत होता. पस्तीसलाही ‘खाली’. तिने तीस टाकले. ‘खाली’.

आबांना वाचता येत नसावं, पण मुलीचा चेहरा वाचता येत होता. “चाल बेटा, घर चाल,” एवढंच ते म्हणाले. दोघं जिना उतरले.

पुढचा नंबर कॉलेजातल्या एका हुशार मुलाचा होता. तो ऐटीत पंच्याऐंशी टाकून बसला. ‘खाली’. सत्तर, ‘खाली’. पन्नास, ‘खाली’. तीसलाही ‘खाली’ आलं तेव्हा मास्तर ताडकन पुढे आला. त्याने खेळ बंद करून निकालाचं पान उघडलं. पानाची मांडणी दुपारून बदलली होती. ओळीच्या शेवटी आता टक्के नव्हते, प्रात्यक्षिकाचे गुण होते, तीसपैकी. प्रोग्रॅम बिचारा तेच उचलून आणत होता. मास्तरने मुलीचा क्रमांक टाकला. पास. एकसष्ट टक्के.

मी बूथ तसाच उघडा टाकून मोपेड काढली. क्लासात चपला काढून बसायची पद्धत, त्यामुळे मास्तर अनवाणीच मागे बसला. स्टँडवर सोनगीरवरून जाणारी शिरपूरची गाडी सुटायच्या बेतात होती. खिडकीचा गज धरून तो ओरडला, “आबा, पोरगी पास आहे! एकसष्ट टक्के! चूक माझी झाली!”

आबा त्याच्याकडे बघत राहिले. “मघाशी तुन्हं मशीन एक सांगे, आते तू दुसरं सांगस. मी काय खरं मानू, भाऊ?”

मुलगी मान फिरवून दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होती. कंडक्टरने घंटी मारली आणि मास्तर तसाच अनवाणी गाडीत चढला. ज्याला भाजीवालीशी बोलवत नव्हतं, तो आता या माणसाच्या दारात काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी परतला. “मार्कशीट हातात येईपर्यंत पाहुण्यांना थांबवतो म्हणाले,” त्याने सांगितलं. “नाना, ती तीस टाकत होती तेव्हा मी छताकडे बघत होतो हो.” त्याचे डोळे भरून आले. मला त्याचा रागही आला होता आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं.

मार्कशीट आली. आबांनी शब्द पाळला. मुलगी सोनगीरहून जाऊन-येऊन धुळ्यात कॉलेज करू लागली. आमच्याच गल्लीतून जायची. तिने मान उचलून क्लासच्या पाटीकडे कधी पाहिलं नाही. मास्तरनेही तिला कधी हाक मारली नाही. ती यायच्या वेळी तो माझ्या बूथमध्ये येऊन काचेआड उभा राहायचा, एवढंच. खेळ त्याने पुसून टाकला होता. पुढच्या वर्षी एकेकाला शेजारी बसवून, खांद्यावर हात ठेवून निकाल सांगितला.

त्यानंतर तो नाशिकला गेला. निघायच्या दिवशी सामान भरून टेम्पो दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता, आणि हा माझ्याकडे उगाच चहा पीत बसलेला. कॉलेजची वेळ झाली. ती आली, वह्या छातीशी धरून, मैत्रिणीशी कशावरून तरी खळखळून हसत, आणि गल्लीच्या टोकाशी वळून दिसेनाशी झाली.

मास्तरने कप खाली ठेवला आणि टेम्पोत जाऊन बसला.