उजवी सीट

बारामतीत आमचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. अब्बांनी सुरू केलं, आता मी चालवते. ट्रॅक्टरची फाटलेली गादी येते, तशी लग्नात मिळालेली नवी कोरी कारही येते. माझ्या नवऱ्याला मात्र जुन्या गाड्यांचं वेड. गोठ्यात, शेडमध्ये, कुणाच्या तरी बंगल्यामागे पडलेल्या गाड्या तो हुडकतो, घेतो, चालत्या करतो आणि शौकिनांना विकतो. यंत्राचं तो बघतो, कापडाचं मी.

एका गाडीच्या मागे तो लग्नाच्या आधीपासून होता. विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी स्पोर्ट्स कार. तिचा साधा प्रकार शोधला तर सापडतो. पण तिच्या कंपनीने थोडे दिवस एक जास्त ताकदीचा प्रकार काढला होता. तो बंद झाल्यावर त्याचे जे सांगाडे, म्हणजे चेसिस, उरले, त्यांच्यावर नेहमीचंच इंजिन चढवून मोजक्या गाड्या विकल्या. नवरा शोधत होता ती ही उरल्यासुरल्या सामानाची गाडी. सहज बघणाऱ्याला फरक कळत नाही, खुणा माहीत असाव्या लागतात. चाकं भोकांची आणि पोलादी असतात, मधोमध एकच मोठा नट. मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक असतात. आणि साध्या गाडीत डॅशबोर्डचा पत्रा नुसता रंगवलेला असतो, तर हिच्यात त्यावर रेक्झिन चढवलेलं असतं. हे सगळं माहीत असलेले लोक खोट्या गाड्याही बनवतात. चाकं बदलतात, रेक्झिन चिकटवतात. म्हणून अशा वेळी नवरा मला बरोबर नेतो.

इंदापूरकडच्या कळंबमध्ये अशी एक गाडी आहे असं त्याला कळलं तेव्हा मार्च सुरू होता. दुकानातलं काम उरकून आम्ही अकराला निघालो, पण वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो आणि पोचेपर्यंत भर दुपार झाली.

घर रस्त्यापासून आत होतं. मालक म्हणजे ऐंशीच्या घरातले एक तात्या. तरुणपणी त्यांनी कारखान्यात फिटरचं काम केलं होतं, नंतर शेती. एकटेच राहत होते. त्यांनी पाणी दिलं आणि काही न विचारता शेडचं दार ढकललं.

गाडीवर धूळ नव्हती. हवा नसलेल्या टायरांवर ती बसली होती, रंग जागोजागी उडालेला, पण अंगावर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. नवरा गुडघ्यावर बसला आणि चाकं तपासू लागला. मी डॅशबोर्डपाशी गेले. रेक्झिन पिकलं होतं, मीटरांच्या कडेला चिरलं होतं. पत्र्याच्या पाठीमागे हात घातला, तर कापड आत दुमडून दाबलेलं लागलं. नंतर चिकटवणारा माणूस एवढ्या आत जात नाही. मी नवऱ्याकडे बघून मान हलवली. त्याने मागच्या चाकातून हात बाहेर काढला. "डिस्कच आहे," तो म्हणाला.

सीटा राहिल्या होत्या. डावी सीट ताठ, जवळजवळ न वापरलेली. उजवी, म्हणजे चालवणाऱ्याची, डावीपेक्षा उंच, पण मधोमध खोल बसलेली. स्प्रिंग तुटलेत का हे बघायला मी आत उतरले आणि बसले.

मला गाडी चालवता येत नाही. उंचीने मी लहान आहे, कुठल्याही गाडीत बसले की पाय लोंबतात. पण त्या खळग्यात मी अशी काही बसले, की जणू माझं माप घेऊन तो केला होता. सीट पुढे ओढलेली होती; पाठ टेकली, पाय पेडलला पोचले, डावा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर गेला. तो हात मी ठेवला नव्हता. सीट उन्हात नव्हती, तरी ऊबदार होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

तात्या दाराशी उभे होते. मी घाईने उठायला गेले.

"उठू नगा ताई. बसा जरा," ते म्हणाले. मग गिअरवरच्या माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "आमची अशीच बसायची. हात बी तितंच."

गाडी त्यांनी परत जाणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतली होती. हौस त्यांची, पण चालवली बायकोने. शेताच्या बांधावर शिकली. डोक्यावरचा पदर हनुवटीखाली गाठ मारून बांधायची आणि अंथुर्ण्याच्या बाजाराला, इंदापूरला, कुठंही निघायची. तात्या डावीकडे पिशवी घेऊन. लोक हसले, नंतर सवय झाली. मग ती आजारी पडली आणि गेली. त्यानंतर गाडी शेडबाहेर आली नाही.

"मग आता का विकताय?" मी विचारलं.

"पोरगा नाशिकला न्यायचं म्हणतोय. मी गेल्यावं हितं कोन पुसनार तिला?" त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "आन एक सांगतो, मागनं म्हनू नगा सांगितलं न्हाय. ती अजून बसती. दुपारच्याला. दार वाजतं. मी बगाय येत न्हाय."

नवरा परतताना यावर हसला. मी हसले नाही.

गाडी ट्रकवरून दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. नवरा दिवसभर इंजिनात असायचा, दुपारी जेवून घरी जरा पडायचा. मी मशीनवर. त्याच वेळात मागून आवाज यायचा. दार लागल्याचा, हळू, कुणी काळजीने ओढल्यासारखा. पहिल्यांदा वाटलं मांजर. नंतर मी उठून बघायला लागले. गाडी जिथल्या तिथे, शेडमध्ये कुणी नाही. फक्त उजवी सीट दबलेली असायची आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर यायची. जुना फोम असा वागतो, हे मी गिऱ्हाइकांना कितीदा सांगितलं आहे. स्वतःला सांगताना मात्र ते पटत नव्हतं.

पुण्याहून एक शौकीन गृहस्थ बायकोसह गाडी बघायला आले. त्यांनी पट्टीवरचा चेसिस नंबर, ब्रेक, चाकं, सगळं तपासलं. गाडी खरोखर त्या दुर्मिळ प्रकारचीच असल्याची त्यांची खात्री पटली. "उजवी सीट तेवढी मूळची दिसत नाही," ते म्हणाले. "ती डावीसारखी करून द्या."

दुसऱ्या दिवशी बिस्मिल्ला म्हणून मी त्या सीटची खालची शिवण उसवली. आतल्या फोमवर गोधडीचे थर होते. जुन्या नऊवारीचे तुकडे, हिरवे, जांभळे, एकावर एक घालून हातानं टाके घातलेले. तात्यांच्या बायकोला समोरच्या काचेपलीकडचं दिसत नसणार, म्हणून तिनं बैठक उंच करून घेतली होती. टाके बारीक, एका रेषेत. माझ्या मशीनलाही इतके सरळ जमत नाहीत. मी ते उसवले नाहीत. शिवण पुन्हा बंद केली, सीट अख्खी उतरवली आणि डाव्या सीटचं माप घेऊन नवी सीट सांगाड्यापासून बनवली.

जुनी सीट रिक्षात घालून मी तात्यांकडे नेली. त्यांचं सामान बांधून झालं होतं. त्यांनी सीटवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला.

"न्या परत. ही रिकामी हाय."

"तात्या, त्यांच्या हातचे टाके आहेत आत."

"आसू द्या. तिला गाडी पळवायची हौस हुती ताई, नुसतं बसायची न्हवं. ती गाडीसंगं गेली."

गाडी पुण्याला जाऊन पावसाळा उलटला. दुकानामागून आवाज यायचा बंद झाला होता. मला बरं वाटायला हवं होतं. उलट दुपारी मशीन थांबवून मी कान देऊन बसायची.

एके दिवशी त्या गृहस्थांच्या बायकोचा फोन आला. आधी सीटचं कौतुक केलं. मग अडखळत म्हणाली, "एक विचारू? यांच्या वेळी काही होत नाही. पण मी चालवायला बसले की कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं. तुम्ही नवीच सीट बनवलीत ना?"

मी नवीच बनवली होती. तसं म्हणाले आणि पुढचं सगळं सांगितलं. बांध, बाजार, पदराची गाठ, दुपारचं दार. मला वाटलं आता गाडी परत येणार.

"भीती नाही वाटत हो," ती म्हणाली. "पण तिला काहीतरी पाहिजे असं वाटतं. तिच्या यजमानांना विचाराल का?"

नाशिकला मी फोन लावला. तात्यांना ऐकायला कमी येत होतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. कळल्यावर ते हसले. त्यांचं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"तिला काय पायजे आसनार! कुठं बी न्या म्हनावं, पन लांब न्या. शेडात लई वर्सं काढली तिनं."

मी तो निरोप पुण्याला कळवला. आता ती बाई दर रविवारी गाडी काढते, एकटीच, असं तिचे यजमान नवऱ्याला सांगत होते. आता त्यांची पाळीच येत नाही म्हणे.

जुनी सीट माझ्या दुकानात भिंतीला टेकून आहे. गिऱ्हाइकं तिच्यावर बसतात, पिशव्या ठेवतात. मी काही म्हणत नाही. नवऱ्याने परवा इंदापूरजवळच्या एका शेडमध्ये आणखी एक बसकी गाडी पाहिली, चाकं भोकांचीच. कापड बघायला चल म्हणाला. मी अजून हो म्हटलेलं नाही; तिच्या उजव्या सीटवर आधी कोण बसायचं, ते तो विचारून आलेला नाही.