एगबर्टची बोटीतली सुट्टी

बर्लिनच्या कडेला, क्योपेनिकच्या नदीकाठी, एगबर्ट त्सील्के अठ्ठावीस वर्षं छोट्या बोटी दिवसाच्या भाड्याने देत होता. स्वतः मात्र तो सहलीला कधी बोटीत बसला नव्हता. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी बायको ट्राउडेल म्हणाली, "आज मला बोटीतून फिरव. पण तुझ्या बोटीतून नको. दिवसभर नुसते ओरखडे बघत बसशील."

म्हणून दोघं समोरच्या काठावर कूनर्टकडे गेली. हा एगबर्टचा जुना प्रतिस्पर्धी. त्याने ओळख असूनही सगळ्या सूचना पहिल्यापासून ऐकवल्या. उभं राहायचं नाही, सहाच्या आत परत यायचं.

"पोहता येतं का?" कूनर्टने विचारलं.

"तुझ्या पोराला पोहायला कोणी शिकवलं?"

"फॉर्मवर लिहावं लागतं रे."

"मग लिही, येतं म्हणून."

लव्हाळ्यांपाशी पोचल्यावर ट्राउडेलने बटाट्याचं सॅलड संपवलं, बूट काढले आणि ती झोपून गेली. एगबर्टने मोटर बंद केली. पाच वाजले, सहा वाजले, पण तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं. पावणेसातला ती आपणहून जागी झाली.

धक्क्यावर कूनर्ट हाताची घडी घालून उभा होता. "उशीर का झाला?"

या प्रश्नाला गिऱ्हाइकांनी दिलेली शेकडो उत्तरं एगबर्टने ऐकली होती आणि एकावरही विश्वास ठेवला नव्हता.

"बायको झोपली होती," तो म्हणाला.

कूनर्टने थोडा विचार केला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "झोप लागली ना नीट, वहिनी?"