सिंधू गायधने माझी आई होती

माझ्या आईची कथा चोरणारा माणूस जिवंत आहे.

शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल. रविवारी त्याचा सत्कार आहे. 'मराठी विज्ञानकथेत स्त्रीवाद आणणारे पहिले लेखक' असं बॅनरवर छापलंय.

तो माझा सख्खा काका आहे.

आज आईला जाऊन वर्ष झालं. घरचे म्हणतात, आजच्या दिवशी तरी गप्प बस. आई उभं आयुष्य गप्पच बसली होती. काय मिळालं?

तर ऐका.

आई खाप्याची, कन्हान नदीच्या काठावरची. बीएस्सी. लग्नाआधी कळमेश्वरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तेव्हा नागपूरच्या एका मासिकात तिची कथा यायला लागली, 'कन्हानपल्याडचं गाव'. तीन भाग आले. लेखिका कु. सिंधू गायधने.

त्या काळी विज्ञानकथा म्हणजे रॉकेट, रॉकेटात शास्त्रज्ञ, आणि शास्त्रज्ञाला डबा भरून देणारी बायको.

आईच्या कथेत रॉकेट नव्हतं. बायांनी नदीच्या वाळूत उभे केलेले मोठमोठे आरसे होते. आरशांनी गोळा केलेल्या उन्हावर अख्ख्या गावाचा एकच स्वयंपाक व्हायचा, आणि भांडी घासायला बाप्यांचाही नंबर लागायचा. पोरीला 'कुठं चालली' म्हणून कोणी विचारायचं नाही.

ज्या बाप्यांना भांड्यांचा नंबर मान्य नव्हता, ते तणतणत होडीत बसले आणि या काठाला निघून आले. तिसरा भाग इथं संपतो.

मग आईचं लग्न झालं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं गेलं. मंगला. त्या दिवसापासून तिला सिंधू म्हणून कोणी हाक मारली नाही.

चौथा भाग तिनं सासरी लिहिला. दिराची मासिकात ऊठबस होती म्हणून त्याच्याच हाती दिला.

आठ दिवसांनी तो म्हणाला, "वहिनी, संपादकाले काही पसंत नाही पडलं."

आईनं विश्वास ठेवला. पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटीतली एक संशोधक मुलगी जुनी मासिकं घेऊन काकांकडे आली. ह्या सिंधू गायधने कोण? कुठल्याच कागदावर सापडत नाहीत.

काका सोफ्यावर रेलून म्हणाले, "ते माझंच टोपणनाव."

आई तिथंच पोह्यांच्या प्लेटा घेऊन उभी होती. मीही होती.

घरी येताना ऑटोत मी भडकली. "आई, तू बोलली काहून नाही?"

"काय बोलू वं? ती पोरगी सिंधू सिंधू करून राहिली होती, अन् ते मीच आहो हे ध्यानात याले मलेच दोन मिनिटं लागले. तेवढ्यात भाऊजी बोलून मोकळे."

मग काकांनी पुस्तकच काढलं. चौथा भाग स्वतःच्या मनानं लिहून! त्यात बाप्ये परत येतात, बाया ढसाढसा रडतात आणि आरशांच्या किल्ल्या त्यांच्या हाती देतात.

आईनं ते दवाखान्यात वाचलं. शेवटचा आठवडा होता. हसता हसता तिला ठसका लागला.

"आरशाले किल्ल्या कुठून आल्या वं? म्हणजे यानं माह्यं उघडूनही पाह्यलं नव्हतं."

मग हसणं थांबलं. कच्चा खर्डा कुठं आहे ते तिनं मला तेव्हा सांगितलं. पलंगाखालच्या पेटीत, शाळेच्या जुन्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये. आकृत्यांसाठी सोडलेली कोरी पानं असतात ना, त्यांच्यावर. निळ्या शाईत, शेवटपर्यंत.

तिच्या शेवटात बाप्ये गावात परत जायला काठावर येऊन होडी मागतात. बाया म्हणतात, होडी आहे. फक्त एक सांगा. तुमच्या घरात जी राबली, तिचं माहेरचं नाव काय?

ज्याला सांगता येतं तो होडीत बसतो. बाकीचे काठावरच राहतात.

आज वर्षश्राद्धाला काका आले. फोटोला हार घातला. आणि जेवायला बसता बसता भाषण ठोकलं, "वहिनी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा!"

माझं डोकंच फिरलं.

ती संशोधक मुलगी आता प्राध्यापक आहे. तिला मी मुद्दाम जेवायला बोलावलं होतं, आणि मुद्दामच काकांच्या समोर बसवलं होतं.

मी वाढणं थांबवलं. "काका, आईचं माहेरचं नाव काय होतं?"

"आता इतक्या वर्षांचं कोणाले आठवते बाई..."

"लग्नपत्रिकेचा मजकूर तर तुम्हीच लिहिला होता."

काका वडा कढीत बुडवत बसले.

आणि स्वयंपाकघराच्या दारातून काकू बोलली. काकांची बायको. नवऱ्यापुढे जिचा आवाज मी कधी ऐकला नाही, ती.

"सिंधू. सिंधू गायधने, खाप्याची."

प्राध्यापक मॅडमनी आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काही लेखी आहे?" मी जर्नल आणून त्यांच्या हातात दिलं.

काकू अजून दारातच होती. पदराला हात पुसत म्हणाली, "अन् माह्यं चंद्रकला. आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून सांगून ठेवते."

काका ताटावरून उठले, चप्पल घातली आणि गेले. काकू त्यांच्यामागे गेली नाही. बसून जेवली, पोटभर.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "घराची इज्जत चव्हाट्यावर आणू नको."

आणली, काका. जर्नलची सगळी पानं खाली टाकली आहेत. तुम्हाला टॅग केलंय. तुमच्या प्रकाशकाला केलंय. सत्कारवाल्यांनाही केलंय. मित्रांनो, बिनधास्त शेअर करा.

रविवारी सत्कार झालाच, तर मी पहिल्या रांगेत असणार. बाजूला चंद्रकलाकाकू. तिनंच सांगितलंय, खुर्ची धरून ठेव म्हणून.

आई, भावपूर्ण वगैरे मला आज जमत नाही. ही श्रद्धांजली रागाची आहे. तशीच घे.

वर्षभरात मी एकदाही रडली नाही. पुस्तकावर तुझं नाव छापून येऊ दे. मग रडीन.