तीन जुने माईक आणि आमचे साडू

पितृपक्षातली द्वितीया, कोजागरी पौर्णिमा आणि मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार हे तीन दिवस मी माझ्या वहीत लाल शाईने नोंदवून ठेवले आहेत. या तीन दिवशी आमच्या साडूंच्या घरी एकेक जुना माईक खोक्यात बसून आला. या प्रकरणी मी पुढील सर्वांना जबाबदार धरतो : जुन्या वस्तूंची विक्री करणारे एक संकेतस्थळ, त्यावरील दोन विक्रेते, ज्यांची खरी नावे त्यांच्या मातापित्यांखेरीज कोणास ठाऊक असतील असे वाटत नाही, मंगळवेढ्याचे एक मंडपवाले, आणि सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत अधिक, स्वतः आमचे साडू. कारण समोरच्यावर विश्वास ठेवण्याच्या कामी त्यांची बरोबरी करील असा मनुष्य आमच्या जिल्ह्यात दुसरा नाही. मी न्यायालयाच्या कचेरीत उभी हयात काढली, तरीही या प्रकरणात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हे मला आजतागायत नक्की सांगता येत नाही.

आमचे साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सोलापूरच्या बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीत बसून, ते सेवानिवृत्त होईपर्यंत गाड्यांची घोषणा करीत आले. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ असे त्यांनी म्हटले की झोपलेली मुले उठून बसत. अक्कलकोटकडच्या लोकांसाठी तीच घोषणा ते कानडीतही करीत, आणि ती ऐकताना आपल्यालाही त्याच गाडीने जायला हवे होते, असे उगीचच वाटे. माईकपुढे बसण्यापूर्वी ते चपला काढून ठेवीत. मी एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाले, “साडूसाहेब, दिवसातनं हजार माणसं याच्या भरवशावर घरी जातात. देवळात तरी एवढी जातात का?” निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही. घरात ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत. माझ्या कन्येच्या विवाहात जेवणाची पहिली पंगत त्यांनी अशा थाटात जाहीर केली, की दोन वऱ्हाडी पिशव्या उचलून थेट फाटकाकडे धावले.

गणपतीच्या दिवसांत त्यांचा घसा धरला तो सुटेना. डॉक्टरांनी गाठ दाखवली. जिवाला धोका नाही, औषधाने विरली तर उत्तम, न विरल्यास संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया करावी लागेल. मात्र नंतर आवाज हाच राहील याची हमी देता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. साडू घरी आले, चहा प्यायले, आणि आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा निर्णय त्यांनी दोनदा जाहीर केला. “माणूस गेल्यावर फोटो राहतो की. माझं उलटंच झालंय. मी राहणार, आवाज जाणार. त्याला कुठंतरी ठेवायला नको?”

मोबाईल हाताशी होता. पण मोबाईलमध्ये प्रत्येकाचा आवाज जावयासारखा पाहुणा-पाहुणा येतो, असे त्यांचे मत. नवा माईक तर त्यांना मुळीच नको होता. नव्या माईकला माणसांची सवय नसते म्हणे. चार गावचे आवाज ऐकलेला असला म्हणजे तो बुजत नाही. या सिद्धान्ताला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही, हे मी त्यांना लेखी कळवले होते.

पहिला माईक पितृपक्षात आला. वस्तू सदोष असल्यास सात दिवसांत परत करता येईल, असे खोक्यावर स्वच्छ छापले होते. साडूंनी खोके देवघराशेजारी ठेवले आणि हात जोडले. “या पंधरवड्यात नवी वस्तू उघडत नाहीत.”

“अहो, पण ती जुनी आहे!” मी म्हणालो.

“आपल्या घराला नवीच की.”

घटस्थापनेला हळदकुंकू वाहून खोके उघडले. आतला माईक वजनाने पापडासारखा होता. त्यावरील नामांकित कंपनीचे चिन्ह माझ्या नखाला चिकटून आले. मुदत कधीच उलटली होती. मी संकेतस्थळाला कलमांसह तीन पानी पत्र धाडले. मिनिटभरात उत्तर आले, की आपला अनुभव आमच्यासाठी अमूल्य आहे, कृपया आम्हाला तारे द्यावेत. तीन पाने एका मिनिटात कोणी वाचली, हे मी पुन्हा विचारले. त्यावरही ताऱ्यांचीच मागणी आली.

दुसऱ्या माईकच्या वर्णनात ‘केवळ घरगुती वापर’ असे होते. साडूंनी कोजागरीच्या दुधासमोर तो टेबलावर हलकेच आपटला, तेव्हा जाळीतून चिमूटभर गुलाल पडला. पुन्हा आपटला, पुन्हा गुलाल. दूध गुलाबी झाले, पण माईकमधून खरखरीपलीकडे काही निघेना. इतका गुलाल कोणत्या घरात उधळतात, असा खुलासा मी विक्रेत्याकडे मागितला. दुसऱ्या दिवशी तो विक्रेता संकेतस्थळावरून नाहीसा झाला. साडू मात्र गुलालाकडे पाहून म्हणाले, “बिचाऱ्यानं लई मिरवणुका केल्यात. थकला असंल.”

तिसऱ्या वेळी मी अट घातली, की विक्रेत्याची पूर्ण चौकशी केल्यावाचून व्यवहार होणार नाही. साडूंनी ती तत्काळ मान्य केली आणि माझ्यासमोर फोन लावला.

“पाव्हणं, गाव कुठलं म्हणायचं?”

“मंगळवेडा. मंडपाचं काम हाय आपलं.”

“आणि सासुरवाडी?”

“माळशिरस.”

“माळशिरसात कुणाकडचं?”

अशी पाव तास चौकशी झाली. माईकचा उल्लेख त्यात एकदाच आला, आणि नेमका तेवढाच मला नीट ऐकू आला नाही. मंडपवाल्यांचे चुलत सासरे साडूंच्या ओळखीचे बसचालक निघाले, आणि साडूंनी संकेतस्थळ बाजूला ठेवून सगळी रक्कम थेट त्यांना पाठवून दिली. संकेतस्थळाबाहेर दिलेल्या पैशाची जबाबदारी कोणीही घेत नाही, हे मी ओरडून सांगत होतो. साडू शांतपणे म्हणाले, “ज्याची सासुरवाडी ठाऊक झाली, तो पळून जाणार कुठं?”

हा माईक वजनदार होता, देखणा होता, आणि संपूर्ण मुका होता. खरखरसुद्धा करीना. मी नोटीस तयार केली. टपालाने पाठवू नका, माणसाच्या तोंडावर बोलावे, असा साडूंचा आग्रह पडल्याने पौषात आम्ही दोघे बसने मंगळवेढ्यास गेलो. मंडपवाले आम्हांला थेट शेतात घेऊन गेले. मी नोटीस काढेपर्यंत त्यांच्या आईने हुरडा भाजून माझ्या पुढ्यात ठेवला. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. प्रतिपक्षाचे अन्न ग्रहण केल्यानंतर त्यास नोटीस देता येते किंवा कसे, याविषयी कायदा गप्प आहे. मी आणखी दोनदा दही वाढून घेतले.

शेवटी मी विचारले, “माईक बंद आहे, हे तुम्ही सांगितले का नाही?”

“सांगितलं की! ह्यास्नी फोनवर म्हनलं, हितं बोलत न्हाय त्यो. मला बी कदी बोलला न्हाय. म्हनलं, शेरात चालंल.”

मी साडूंकडे पाहिले. ते हुरड्यातला कोंडा फुंकत होते. “मला वाटलं, पाव्हणं विनयानं बोलतायत.”

सोलापुरात परतल्यावर ध्वनिमुद्रणाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानदाराने माईक हातात घेतला आणि हसू लागला. “काका, बिघाड कसलाच नाही. याला बाहेरून वीज द्यावी लागते, त्याचा वेगळा डबा मिळतो. तुम्ही याला उपाशीच ठेवलंय.” डबा जोडला. साडूंनी चपला काढल्या, ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हटले, आणि दुकानातले गिऱ्हाईक वळून उभे राहिले.

साडूंनी ही शुभवार्ता प्रामाणिकपणे मंगळवेढ्यास कळवली. मंडपवाले म्हणाले, “म्हंजे चांगला व्हता व्हय? मग मुक्याच्या भावात कसा काय नेला तुमी? परत द्या की!” कायद्याने त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे की नाही, याचा विचार मी दोन दिवस करीत होतो. तिसऱ्या दिवशी तो सोडून दिला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी साडूंनी दार लावून ध्वनिमुद्रण केले. आत काय बोलले, ते कोणालाच ठाऊक नाही. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, टाके सुकले, आणि आता हळूहळू बोलायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगून महिना लोटला. पण साडू बोलत नाहीत. सगळे चिठ्ठ्यांवर लिहून देतात, तेही एकदाच. एकदा मी न सांगता गेलो होतो. मागच्या अंगणात ते एकटेच उभे राहून, पेरूच्या झाडाला गाड्यांची वेळ सांगत होते. आवाज बसका होता, मध्येच तुटत होता. पण तो त्यांचाच होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. माझी चाहूल लागताच त्यांनी खिशातला कागद काढला.

ते ध्वनिमुद्रण मेव्हणीने कपाटात ठेवले आहे. ऐकलेस का, असे मी विचारले. ती म्हणाली, “माणूस घरात आहे की, दाजी. डब्यातला आवाज कशाला ऐकू?” रोज संध्याकाळी ती चुलीशी बसून विचारते, “भाकरी टाकू का हो?” साडू उंबऱ्यापर्यंत येतात आणि मान हलवतात. ती वळून पाहत नाही. जरा वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारते.

तेव्हा वर नमूद केलेल्या अन्य सर्वांविरुद्धच्या माझ्या तक्रारी मी तूर्त तहकूब ठेवतो. माझी मागणी आता केवळ आमच्या साडूंकडे आहे. आपल्या पत्नीच्या या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दार उघडे ठेवून, गल्लीला ऐकू जाईल असे, ज्या आवाजात देता येईल त्या आवाजात, आज संध्याकाळीच द्यावे. लेखी उत्तर स्वीकारले जाणार नाही.