दुसऱ्यांच्या पापांची कबुली

या देशात कोणीही, कुठेही, कसलंही पाप केलं तरी त्याची पहिली टोचणी आमच्या शेजारच्या अंकलना लागते. पाप करणारा घोरत पडलेला असतो आणि अंकल गिरगावातल्या आमच्या वाडीत, गॅलरीतल्या आरामखुर्चीत, त्याच्या वतीने तळमळत असतात. एखाद्या आमदाराने पक्ष बदलला, एखाद्या नटाने आणखी एक संसार मोडला, यष्टिरक्षकाने जमिनीला टेकलेला झेल हवेत उडवून दाखवला, की अंकलचं जेवण गेलंच म्हणून समजा. बरं, टीव्ही म्हणजे सैतानाचं खोकं असं त्यांचं ठाम मत असल्यामुळे त्यांच्या घरात टीव्ही नाही. म्हणून ते आमच्याकडे येऊन बघतात. सैतान आमच्या घरी राहतो याचं त्यांना काही वाटत नाही. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "तुमच्याकडे देव पुष्कळ हायत रे. कोणतरी एक बघील त्याच्याकडे."

रिमोट हातात आला की अंकल कमीत कमी शब्द वापरतात. त्यांच्या ख्रिस्ती धर्मातल्या दहा आज्ञा त्यांना क्रमांकासकट पाठ आहेत, आणि पडद्यावर ज्या आज्ञेचा भंग होईल तिचा नुसता क्रमांक ते ओरडतात, हाऊजीचे आकडे पुकारावेत तसा. चर्चेच्या कार्यक्रमात प्रवक्ता तोंड उघडतो न उघडतो तोच, "आठवी!" आठवी म्हणजे खोटी साक्ष देऊ नकोस. मालिकेतला जावई मेव्हणीकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, "नववी! थांब, सहावी पण येणार बघ!" नववी म्हणजे परस्त्रीचा मोह, सहावी म्हणजे व्यभिचार. खेळाडू जुगाराच्या ॲपची जाहिरात करायला आले की सातवी आणि दहावी, म्हणजे चोरी आणि लोभ, एकदम. एकदा एक पुढारी नव्या पक्षातर्फे पुन्हा ईश्वरसाक्ष शपथ घेत होते, तेव्हा अंकल खुर्चीतून उठलेच. "दुसरी! अरे, देवाचं नाव उगाच घेऊ नको! त्याला पण मागची शपथ आठवत असेल ना!" हे सगळं ऐकून ऐकून आमच्या आईलाही आज्ञा पाठ झाल्या आहेत. सकाळी अथर्वशीर्ष म्हणणारी आमची आई संध्याकाळी मालिका बघताना भाजी निवडता निवडता विचारते, "ही आठवी की हो अंकल?" आणि अंकल परीक्षकाच्या गांभीर्याने मान हलवतात.

पण अंकलचा खरा जीव क्रिकेटमध्ये. तिथे त्यांना दहा आज्ञा पुरत नाहीत. चेंडू बॅटला चाटून गेला आणि फलंदाज पंचाकडे बाळासारखा बघत उभा राहिला, की अंकलच्या अंगाची लाही होते. "चल ना मॅन, चल! तुला ठाऊक हाय, देवाला ठाऊक हाय, मंग कोणाची वाट बघतोस?" तिसऱ्या पंचाकडे दाद मागितलेली त्यांना अजिबात खपत नाही. "देवाने प्रत्येकाच्या छातीत थर्ड अंपायर बसवलाय. त्याला रिप्ले लागत नाय." एकदा मात्र आपला एक फलंदाज ऐन मोक्याच्या वेळी, पंचाने बाद दिलेलं नसताना, आपणहून बॅट काखेत मारून चालायला लागला. तो सामना आपण हरलो. सगळी वाडी त्या पोराच्या नावाने बोटं मोडत होती आणि अंकल घरोघरी गरम गरम फुगे वाटत हिंडत होते. फुगे म्हणजे अंकलच्या बायको, आमच्या आंटी, तळतात ते मैद्याचे गोल गोल गोळे, खरं तर लग्नासणाला करायचे. हरल्याचे पेढे वाटणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि फुगे इतके सुरेख झाले होते की कोणाला रागावताही येईना.

आता इतकी पापं डोळ्यांदेखत घडल्यावर त्यांचं करायचं काय? अंकल ती शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये घेऊन जातात. तिथे लाकडी जाळीपाशी गुडघे टेकून फादरांच्या कानात आपली पापं सांगायची, फादर प्रायश्चित्त देतात आणि माणूस मोकळा होतो, अशी रीत आहे. आपली, हे महत्त्वाचं. अंकल दुसऱ्यांची सांगतात. ऐकलेलं कोणाला न सांगण्याचं बंधन फादरांवर असतं, अंकलवर नसतं, त्यामुळे तिथे काय झालं ते आम्हाला बातम्यांच्या आधी कळतं. "फादर, या आठवड्यात फार वाईट पाप घडलं." "काय केलंत?" "मी नाय, त्या आमदाराने." फादर तरुण आणि सोशिक. त्यांनी सुरुवातीला सुटका व्हावी म्हणून आमदाराच्या नावाने दहा प्रार्थना करायला सांगितल्या, तर अंकलनी त्या केल्या, वर एका यष्टिरक्षकासाठी रोझरीची अख्खी माळ जपली. तेव्हापासून शनिवारी अंकलच्या मागे रांगेत उभं राहायला कोणी तयार नसतं. माझी आई एकदा पुटपुटली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान..." पण पुढचं कोरडे पाषाण काही तिला म्हणवलं नाही, कारण अंकलमध्ये कोरडं असं काही नाहीच.

यंदा ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत फादरांचा बांध फुटला. "अंकल," ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी, ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या कबुलीला, स्वतःचं एक पाप घेऊन या. दुसऱ्याचं मी ऐकणार नाही." अंकलच्या तोंडचं पाणीच पळालं. ईस्टरच्या आधी पापाची कबुली झाली नाही तर ईस्टरच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रसाद घ्यायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम, आणि तो प्रसाद त्यांनी कधी चुकवलेला नाही. मग आठवडाभर हा माणूस वाडीत स्वतःचं पाप शोधत हिंडला. पाप म्हणजे हरवलेला चष्मा असावा तसं दारोदार विचारत होते, "तू मला इतकी वर्षं बघतोस, काय वाईट दिसलं का?" लोक संकोचून म्हणायचे, "तुमचं कसलं पाप अंकल!" की अंकल आणखी खचायचे. आई म्हणाली, "रिमोट सोडत नाही तुम्ही." अंकलनी क्षणभर आशेने विचार केला आणि मान हलवली. "ते पाप नाय. ती सवय."

शेवटी शुक्रवारी आंटीच बोलल्या. आमच्या दारात उभ्या राहून, पदराला हात पुसत, एवढंच म्हणाल्या, "घोडपदेवला जावा."

टीव्हीवर एक माणूस धडधडीत खोटं बोलत होता, पण अंकलनी क्रमांक पुकारला नाही.

घोडपदेवला त्यांचा धाकटा भाऊ राहतो, हे मला त्या दिवशी कळलं. खूप वर्षांपूर्वी चर्चच्या सणाच्या दिवशी मैदानात सामना होता, भाऊ फलंदाजी करत होता आणि पंच होते अंकल. झेल घेतला गेला, भाऊ म्हणाला बॅट लागली नाही, अंकल म्हणाले लागली. तिथवर ठीक होतं. पण अंकलनी सगळ्या लोकांसमोर, भावाच्या बायकोपोरीसमोर, हात वर करून ओरडून सांगितलं, "माझा भाऊ चोर हाय!" त्यानंतर बोलणं तुटलं. पुढे भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा भावाने स्वतः पत्रिका पाठवली. अंकलनी ती परत केली, निरोपासकट: आधी कबूल कर.

शनिवारी दुपारी अंकल कोट घालून माझ्या दारात आले. "तू चल. साक्षीदार पायजे." हातात आंटींनी दिलेला फुग्यांचा डबा. बसमध्ये त्यांनी माफी मागायची तालीम केली. "बॉल लागलाच होता, पण मी तसं बोलायला नको होतं." मी म्हटलं, अंकल, पहिला भाग गाळा. ते दोन स्टॉप विचारात बसले. मग म्हणाले, "मंग खोटं बोलू?" मी म्हटलं, खोटं नको, नुसतं गाळा. जन्मात कोणी त्यांना इतकं अवघड काम सांगितलं नसेल.

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत सामना लागलेला, आवाज मोठा. भाऊ हुबेहूब अंकलसारखा, फक्त जरा बारीक. त्याने वर बघितलं आणि तसाच बसून राहिला. अंकल उंबऱ्यातूनच हळूच म्हणाले, "मी चुकलो."

"काय?" भावाने कानाला हात लावला.

"मी चुकलो."

"ऐकायला कमी येतं रे. मोठ्याने बोल."

"मी चुकलो!" अंकल ओरडले. गॅलरीतली दारं उघडायला लागली. "तुला सगळ्यांसमोर चोर बोललो, ते चुकलो! पोरीच्या लग्नाला आलो नाय, ते चुकलो! कार्ड परत पाठवला, ते तर..." आता पूर्ण मजला बाहेर आला होता, आणि शेजारच्या एक बाई कुकर तसाच टाकून आल्या होत्या. भावाने सावकाश रिमोट उचलून आवाज बंद केला.

"तू पहिल्यांदा बोललास तेव्हाच ऐकलं होतं," तो म्हणाला. "पण तेव्हा मैदानात पण तू एवढ्याच मोठ्याने बोलला होतास. ये, आत ये."

मला वाटलं, आता चेंडू लागला होता की नव्हता ते निघणार. कोणी विषय काढला नाही. भावजयीने चहा टाकला, फुग्यांचा डबा उघडला आणि लग्नाचा आल्बम आणून अंकलच्या मांडीवर ठेवला. अंकल एकेक पान उलटत होते. अर्धा तास त्यांचा त्यातच गेला. मग एका फोटोवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "टोस्ट कोणी केला?" यांच्या लग्नात घरातला वडीलधारा उभा राहून, ग्लास उंचावून, नवरा-नवरीबद्दल चार शब्द बोलतो, त्याला टोस्ट म्हणतात. तो मान अंकलचा होता.

"माझ्या ऑफिसातल्या साहेबाने," भाऊ म्हणाला.

"काय बोलला?"

"इंग्लिशमध्ये काहीतरी. पोरीचं नाव पण चुकलं त्याचं."

चर्चमधली फादरांची वेळ टळत चालली होती. मला ते आठवलं आणि ईस्टरच्या प्रसादाचं काय, असा प्रश्नही पडला. अंकल उभे राहिले. कोटाची बटणं लावली, चहाचा कप उचलला आणि त्या फोटोतल्या मुलीकडे बघून बोलायला लागले. ती लहानपणी कशी हट्टाने बॅटिंग मागायची, आउट झाली की कशी रडायची, आणि ती रडली की तिला नॉटआउट कोण द्यायचं. पोरगी केव्हाच कॅनडाला गेली होती, तिची पोरंही शाळेत जायला लागली होती. दारात जमलेल्या बायका, भावजय, मी, सगळे हातातलं जे असेल ते घेऊन उभे राहिलो. भाऊ तेवढा बसूनच होता, मान खाली घालून. "नवरा-नवरीला!" असं अंकल शेवटी म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की खरोखरच नीट ऐकू आला नाही, आणि भाऊ म्हणाला, "ऐकलं रे. ऐकलं."